फोन नंबर पार्सरमध्ये 'मेबी-अनइनिशियलाइज्ड' वॉर्निंग: खरी कोणती, खोटी कोणती?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सगळी नावं आणि फ्लॅग देवनागरीत उतरवून लिहितोय, सांभाळून घ्या.

लिनक्स, जीसीसी १३ (कंपायलर), सी++१७. गूगलच्या लिबफोननंबर या फोन नंबर वाचणाऱ्या लायब्ररीची सी++ आवृत्ती सोर्ससकट आमच्या रिपॉझिटरीत आहे आणि तिच्यावर आमचा एक रॅपर बसवलेला आहे. स्ट्रिंगचा आकडा करणारं 'सेफ_स्ट्रटूयू६४' हे फंक्शन आम्ही आमचं घातलंय. आधी त्यात स्ट्रिंगस्ट्रीम होता, गेल्या आठवड्यात तो काढून 'फ्रॉम_चार्स' लावला, कारण प्रोफाइलमध्ये स्ट्रीम जड दिसत होता. फंक्शन हेडरमध्ये इनलाइन आहे आणि बूल परत करतं.

डीबग बिल्ड (ओ-शून्य) स्वच्छ होतो. रिलीज बिल्ड (ओ-दोन, डब्ल्यू-ऑल, डब्ल्यू-एरर) तीन ठिकाणी 'मेबी-अनइनिशियलाइज्ड' (किंमत न भरताच व्हेरिएबल वापरलं जाऊ शकतं) या वॉर्निंगवर अडकतो:

१) 'पार्सहेल्पर'च्या शेवटी. 'युइंट६४ नंबर_ॲज_इंट;' असं नुसतं घोषित केलंय, पुढच्या ओळीत त्याचा पत्ता आमच्या फंक्शनला जातो आणि लगेच 'सेट_नॅशनल_नंबर(नंबर_ॲज_इंट)'. परतलेला बूल कुणी बघत नाही.

२) आमच्या रॅपरमधल्या शॉर्टकटमध्ये. आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या 'यू_इजडिजिट'ने मोजून बरोबर १० अंक भरले आणि दुसरं काही नसलं, तर पूर्ण पार्स न करता स्ट्रिंग थेट त्याच फंक्शनला देतो आणि देश भारत धरतो. इथेही व्हेरिएबल रिकामंच घोषित आहे.

३) 'एररटाइप'वरच्या स्विचनंतर. सहाच्या सहा केस लिहिल्या आहेत, प्रत्येकीत 'कोड'ला किंमत दिली आहे, तरी 'कोड' रिकामा राहू शकतो म्हणतो. क्लँग हा दुसरा कंपायलर इथे गप्प आहे.

शिवाय व्हॅलग्रिंड (चालू प्रोग्रॅमची मेमरी तपासणारं साधन) वेगळ्याच जागी बोट दाखवतं: आमच्या कॅशमध्ये, जिथे 'नोंद' हे स्ट्रक्ट मेमकंपने (बाइट-बाइट तुलनेने) ताडून बघतो. तिथे जीसीसीला काही तक्रार नाही. ॲड्रेस सॅनिटायझर आणि यूबी सॅनिटायझर दोन्ही लावून टेस्ट चालवल्या, सगळं हिरवं.

तिन्ही ठिकाणी '= ०' लिहिलं की बिल्ड होतो. पण तसं करून मोकळं व्हावं की नाही, आणि व्हॅलग्रिंडचं काय, हे कळत नाहीये.

---

सह्यकडा

'= ०' आत्ता लिहू नका. त्याने वॉर्निंग जाईल, पण तिच्यामागचा प्रश्न तसाच राहील. प्रश्न असा की किंमत न लिहिता फंक्शनमधून बाहेर पडायची वाट कोणती, आणि त्या वाटेने खरंच कुणी जाऊ शकतं का? तुमच्या तीन जागांना याची तीन वेगळी उत्तरं आहेत.

आधी, हे आत्ताच का उगवलं. स्ट्रिंगस्ट्रीम असताना व्हेरिएबलचा पत्ता लिबस्टडी++च्या (जीसीसीच्या प्रमाणित लायब्ररीच्या) आधीच कंपाइल झालेल्या कोडमध्ये जात होता. जीसीसीला तिथलं आत दिसत नाही, म्हणून तो धरून चालतो की कुणीतरी लिहिलं असेल. 'फ्रॉम_चार्स' पूर्णांकांसाठी हेडरमधलं टेम्प्लेट आहे. ओ-दोनला ते आणि तुमचं फंक्शन दोन्ही इनलाइन होतात, आणि जीसीसीला चूक झाल्यावर बाहेर पडणारी वाट उघडी दिसते. ओ-शून्यला तो हा माग काढतच नाही, म्हणून डीबग बिल्ड स्वच्छ.

आता दोघांचे करार बघा, कारण सगळं इथेच आहे. 'फ्रॉम_चार्स' फसलं (अंक सापडला नाही किंवा आकडा मावला नाही) तर तुमच्या व्हेरिएबलला हातही लावत नाही. स्ट्रीमचं वागणं वेगळं: सी++११ पासून 'अबक' वाचताना तो शून्य लिहितो आणि मावत नसलेल्या आकड्याला कमाल किंमत लिहितो. पण रिकामी स्ट्रिंग दिली तर वाचन सुरू होण्याआधीच अपयशी ठरतं आणि जुनी किंमत तशीच राहते. म्हणजे पूर्वीही एक वाट उघडी होतीच, फक्त कुणी सांगत नव्हतं.

जागा १, पार्सहेल्पर. इथे पोचेपर्यंत स्ट्रिंग नॉर्मलाइझ झालेली असते: आयसीयूच्या मदतीने कुठल्याही लिपीतले अंक साध्या ० ते ९ मध्ये आलेले असतात आणि बाकीची अक्षरं गाळलेली असतात. आकडा करण्याआधी लांबीचीही तपासणी होते. २ पेक्षा कमी अंक असले तर 'टू_शॉर्ट_एनएसएन', १७ पेक्षा जास्त असले तर 'टू_लाँग_एनएसएन'. ६४ बिटांच्या बिनचिन्ही पूर्णांकात १९ अंकांचा कुठलाही आकडा मावतो. म्हणजे २ ते १७ निव्वळ अंकांची स्ट्रिंग इथे फसूच शकत नाही. वॉर्निंग खोटी, पण जीसीसीचा दोष नाही. लांबीची आणि अंकांची ही हमी कोडमध्ये बरीच वर आहे, त्याला ती जोडता येत नाही.

तरी इथेही परतलेला बूल तपासा आणि खोटा आला तर 'नॉट_अ_नंबर' परत करा. उद्या कुणी नॉर्मलायझेशनचा क्रम हलवला तर हीच ओळ आधार देईल.

जागा २, शॉर्टकट. ही खरी आहे, आणि तुमच्या मराठी वापरकर्त्यांनाच लागेल अशी. 'यू_इजडिजिट' युनिकोडमधल्या प्रत्येक दशांश अंकाला हो म्हणतो, देवनागरी ० ते ९ सकट. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असताना कुणी नंबर टाकला की तुमची मोजणी १० भरते आणि शॉर्टकट उघडतो. पण यूटीएफ-८ मध्ये एक देवनागरी अंक ३ बाइटांचा असतो. '९' म्हणजे ई-शून्य, ए-पाच, ए-एफ. 'फ्रॉम_चार्स'ला फक्त साधे अंक कळतात. पहिल्याच ई-शून्य बाइटवर ते थांबतं, चूक परत करतं, व्हेरिएबल तसंच. स्टॅकवर त्या क्षणी जो कचरा पडलेला असेल तो ग्राहकाचा नंबर म्हणून साठवला जातो.

इथे '= ०' लिहिलं असतंत तर बिल्ड झाला असता आणि मराठी अंकांत नंबर देणाऱ्या सगळ्यांचा नंबर ० म्हणून नोंदला गेला असता. कचरा निदान कधीतरी डोळ्यांत खुपतो. शून्य खुपत नाही.

आणखी एक खाच. पहिले दोन अंक इंग्रजी आणि उरलेले आठ देवनागरी असले (पेस्ट केलेल्या मजकुरात होतं असं) तर 'फ्रॉम_चार्स' चूक देत नाही. ते दोन अंक वाचून थांबतं आणि यशस्वी म्हणून परततं. म्हणून मदतनीस फंक्शनमध्ये दोन गोष्टी तपासा: परतलेला एरर कोड कोरा आहे, आणि परत आलेला पॉइंटर स्ट्रिंगच्या शेवटाशी जुळतो. दुसरी तपासणी जवळजवळ सगळे विसरतात, आणि तिच्यावर वॉर्निंग येत नाही, कारण व्हेरिएबलमध्ये किंमत आहे. ती चुकीची आहे एवढंच.

दुरुस्ती या क्रमाने करा:

मदतनीस फंक्शनला 'नोडिस्कार्ड' लावा. पुढच्या बिल्डमध्ये बूल फेकून देणारी प्रत्येक जागा आपोआप पुढे येईल. ती यादी तुमच्या तीन जागांपेक्षा लांब निघेल, कारण देशाचा कोड काढणारं फंक्शनही असंच रूपांतर करतं. तिथे १, २, मग ३ अंकांचा तुकडा घेऊन लूप फिरतो. व्हेरिएबल लूपच्या बाहेर घोषित असलं तर पहिल्या फेरीनंतर ते 'इनिशियलाइज्ड' धरलं जातं आणि दुसऱ्या फेरीत रूपांतर फसलं तर आधीच्या फेरीचा कोड वापरला जातो. घोषणा लूपच्या आत घ्या.

मग शॉर्टकटमधली मोजणी बाइटांवर करा: लांबी बरोबर १० बाइट आणि प्रत्येक बाइट '०' ते '९'च्या साध्या पट्ट्यातला. बाकी सगळं पूर्ण पार्सकडे जाऊ द्या. देवनागरी अंक लायब्ररी नीट सांभाळते.

जागा ३, स्विच. सी++च्या नियमाने एनममध्ये यादीबाहेरचीही किंमत असू शकते, आणि जीसीसी तेच धरतो. क्लँग सगळ्या केस लिहिलेल्या दिसल्या की वाट बंद मानतो. 'डीफॉल्ट' घालून गप्प करू नका. लायब्ररीच्या पुढच्या आवृत्तीत सातवी चूक आली तर 'डब्ल्यू-स्विच' तुम्हाला सांगणार नाही. स्विच छोट्या फंक्शनमध्ये काढा, प्रत्येक केसमधून थेट 'रिटर्न' करा, आणि स्विचच्या खाली 'अनोळखी चूक' परत करणारी एक ओळ ठेवा. व्हेरिएबलच उरत नाही, मग वॉर्निंग कशाची.

'इंट क्ष = क्ष;' असं स्वतःलाच देऊन वॉर्निंग घालवायचा सल्ला जुन्या कोडमध्ये दिसेल. करू नका. सी++मध्ये डब्ल्यू-ऑलबरोबर 'इनिट-सेल्फ' चालू होतं आणि तीच ओळ नवी वॉर्निंग देते.

---

रात्रपाळी

वरच्याला पूर्ण सहमत. व्हॅलग्रिंडचा भाग मी घेतो.

तुमचं 'नोंद' स्ट्रक्ट मांडलेलं नाही, पण अंदाज असा: ८ बाइटांचा राष्ट्रीय नंबर, ४ बाइटांचा देश कोड, १ बाइटाचा बूल. बेरीज १३. पण ८च्या पटीत बसवायचं म्हणून आकार १६ होतो. शेवटचे ३ बाइट निव्वळ भरण, त्यांत कुणीच काही लिहीत नाही. मेमकंप सगळे १६ बाइट ताडतो. म्हणजे प्रत्येक फील्डला किंमत दिलेली असूनही तुलना कचऱ्यावर होते. जीसीसी फील्ड बघतो म्हणून गप्प, मेमचेक (व्हॅलग्रिंडमधला तपासनीस) बिट-बिट बघतो म्हणून बोलतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

परिणाम असा दिसतो: एकच नंबर दोनदा शोधला तरी कॅशमध्ये सापडत नाही. की म्हणून बाइटांचा हॅश घेत असाल तर तेच.

मेमसेटने आधी पुसून घ्यायचा मोह होईल. पण स्ट्रक्टची कॉपी झाली की भरणाचे बाइट कॉपी होतीलच अशी हमी नाही. मेमकंप काढा, तीन फील्ड एकेक करून ताडा. आणि बाइटांवर हॅश घेणाऱ्या कोडच्या डोक्यावर 'हॅज_युनिक_ऑब्जेक्ट_रिप्रेझेंटेशन्स'चा स्टॅटिक ॲसर्ट ठेवा. सी++१७ मध्ये आहे. भरण असलेलं स्ट्रक्ट आलं की कंपाइलच होणार नाही.

स्ट्रक्टच्या फील्डना घोषणेतच किंमत द्या. वापरताना 'नोंद न{};' लिहिलं की सगळं शून्य होतं हा समज अर्धाच खरा आहे. स्ट्रक्टला तुम्ही स्वतः लिहिलेला कन्स्ट्रक्टर असेल तर महिरपी कंस फक्त तो कन्स्ट्रक्टर बोलावतात, आणि त्यात सुटलेलं फील्ड सुटलेलंच राहतं. 'इटालियन_लीडिंग_झिरो' फक्त असेल तेव्हाच भरणारे रॅपर यात हमखास अडकतात, कारण भारतीय नंबरांवर ती वाट कधी चालतच नाही आणि टेस्टही सगळ्या भारतीय नंबरांच्या. इटलीचा ०ने सुरू होणारा एक लँडलाइन नंबर टेस्टमध्ये ठेवाच.

आता साधनं. तुमचे दोन सॅनिटायझर हिरवे आले कारण ते हे शोधतच नाहीत. ॲड्रेस सॅनिटायझर हद्दीबाहेरची आणि मोकळी केलेली मेमरी बघतो. यूबी सॅनिटायझर चुकून मदत करतो ती बूलच्या बाबतीत: '१९० ही बूलची वैध किंमत नाही' असा संदेश दिसला तर समजा की हीपवरचा न भरलेला बूल वाचला. ॲड्रेस सॅनिटायझर नव्या हीप मेमरीच्या सुरुवातीच्या ४०९६ बाइटांत बी-ई हा बाइट भरतो, तोच दशमानात १९०.

व्हॅलग्रिंड असं चालवा: ओ-एक आणि जी लावून बिल्ड, 'ट्रॅक-ओरिजिन्स=येस', आणि सीआयमध्ये 'एरर-एक्झिटकोड=१'. ओरिजिन्समुळे वेग साधारण निम्मा होतो, पण कचरा कुठल्या फंक्शनच्या स्टॅकवर जन्मला ते कळतं. नाहीतर फक्त शेवटची तुलना दिसते. ओ-दोनच्या बायनरीवर मेमचेक कधीकधी नसलेल्या चुका दाखवतो. नेमकं फील्ड पकडायचं तर संशयित ओळीआधी 'व्हॅलग्रिंड_चेक_मेम_इज_डिफाइन्ड' हा मॅक्रो पत्ता आणि आकार देऊन लावा. न भरलेल्या पहिल्या बाइटचा पत्ता तो परत देतो. स्ट्रक्टचा पत्ता वजा केला आणि १३ आला, की ते भरणच.

आणि एक स्वस्त उपाय: 'ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट=पॅटर्न'. जीसीसीत १२ पासून आहे. न भरलेल्या प्रत्येक स्थानिक व्हेरिएबलमध्ये एफ-ई बाइट भरतो, वॉर्निंग मात्र चालूच राहतात. मग लॉगमध्ये राष्ट्रीय नंबर १८३७४४०३९००८७१४७४९४२ दिसला की शंका नको. २० अंकी आहे, खरा नंबर इतका लांब असूच शकत नाही. ३२ बिटांच्या देश कोडमध्ये तोच −१६८४३०१० दिसतो. ६४ बिटांवर क्लँग ए-ए भरतो, तिथे १२२९७८२९३८२४७३०३४४१० शोधा. हा पॅटर्न टेस्ट बिल्डमध्ये कायम ठेवा.

---

गोदाकाठ

शॉर्टकटची चूक लगेच दिसली: १० देवनागरी अंक दिले आणि पॅटर्न लावलेल्या बिल्डमध्ये तोच १८३७४… आला. 'नोडिस्कार्ड'ने एकूण सात जागा काढल्या. स्ट्रक्टचा आकार १६च आहे, भरण ३ बाइट.

दोन शंका राहिल्या. क्लँगचा मेमरी सॅनिटायझर लावला तर आमच्या कोडमध्ये शिरायच्या आधीच आयसीयूमध्ये ढिगाने तक्रारी येतात. आणि प्रोटोबफ (मेसेज बाइटांत उतरवणारी लायब्ररी) लॉगमध्ये 'कंट्री_कोड हे आवश्यक फील्ड भरलेलं नाही' असं लिहितो, तेही याच कुळातलं का?

---

सह्यकडा

मेमरी सॅनिटायझरला प्रत्येक लिहिणं दिसावं लागतं. वितरणातून आलेली आयसीयू त्या फ्लॅगने कंपाइल झालेली नसते, त्यामुळे तिने लिहिलेलं त्याला दिसतच नाही आणि तो ते रिकामं समजतो. आयसीयू, प्रोटोबफ, ॲबसेल आणि लिबसी++ सगळं त्याच फ्लॅगने पुन्हा बांधा: सॅनिटाइझ=मेमरी, ट्रॅक-ओरिजिन्स=२, फ्रेम पॉइंटर ठेवून, ओ-एक. लिबसी++साठी एलएलव्हीएमच्या सीमेकमध्ये 'एलएलव्हीएम_यूज_सॅनिटायझर=मेमरीविथओरिजिन्स'. लिबस्टडी++शी जोडलं तर तक्रारी थांबणार नाहीत. एवढा पसारा एकदाच कंटेनरमध्ये बांधून ठेवायचा. तो जमेपर्यंत व्हॅलग्रिंड पुरे, त्याला पुन्हा कंपाइल लागत नाही.

बांधून झाला की फझरबरोबर (वेडंवाकडं इनपुट आपोआप देऊन बघणाऱ्या साधनाबरोबर) लावा, 'फझर,मेमरी' एकत्र. सुरुवातीच्या बियाण्यात हे टाका: रिकामी स्ट्रिंग, नुसता '+', '+९१' एवढंच (दोन्ही लिप्यांत), २ अंक, १७ आणि १८ अंक, मिश्र लिपीतले १० अंक, 'टेल:'ने सुरू होणारा आणि 'फोन-कॉन्टेक्स्ट' असलेला, विस्तार क्रमांक असलेला, आणि यूटीएफ-८ मध्येच तुटलेला, म्हणजे ई-शून्य बाइटनंतर संपणारा.

आणि जीसीसीवर सॅनिटायझर व डब्ल्यू-एरर एकत्र ठेवू नका. सॅनिटायझरच्या जादा कोडमुळे मेबी-अनइनिशियलाइज्डच्या खोट्या वॉर्निंग वाढतात, जीसीसीचं मॅन्युअलही हेच सांगतं.

प्रोटोबफचं प्रकरण निराळं, फक्त शब्द सारखा आहे. लिबफोननंबरच्या 'फोननंबर' मेसेजमध्ये देश कोड आणि राष्ट्रीय नंबर ही दोन फील्ड 'रिक्वायर्ड' आहेत. ती न भरता मेसेज बाइटांत उतरवला किंवा वाचला की तो लॉग येतो. आत मेमरी शून्यच असते, कचरा नसतो. पण तुमच्या कोडमध्ये तो लॉग एक गोष्ट नक्की सांगतो: 'पार्स'ने चूक परत केली आणि कुणी ती न बघता मेसेज पुढे ढकलला.

यातूनच सर्वांत वाईट प्रकार होतो. 'पार्स' आत तात्पुरत्या मेसेजवर काम करतं आणि यश आलं तरच शेवटी तुमच्या मेसेजशी अदलाबदल करतं. चूक झाली तर तुमचा मेसेज जसा होता तसा राहतो. लूपच्या बाहेर एकच 'फोननंबर' ठेवून हजार ओळींची फाइल वाचत असाल आणि ४१वी ओळ फसली, तर ४१व्या ग्राहकाच्या नावावर ४०व्याचा नंबर चढतो. किंमत भरलेली, वैध, खरी, फक्त दुसऱ्याची. जीसीसी, व्हॅलग्रिंड, मेमरी सॅनिटायझर, कुणालाच यात वावगं दिसणार नाही. पहिलीच ओळ फसली तर मेसेज रिकामा असतो आणि तुमचा तो लॉग येतो. तेव्हा लॉग जिथे येतोय ती फाइल काढा, तिच्या पहिल्या ओळीत काय आहे बघा, आणि त्याच फाइलमधल्या सलग दोन ग्राहकांचे नंबर सारखे कुठे पडलेत ते डेटाबेसमध्ये शोधा. पुढची दुरुस्ती दोन ओळींची: 'फोननंबर'ची घोषणा लूपच्या आत, आणि 'नो_पार्सिंग_एरर' नसेल तर 'कंटिन्यू'.

---

गोदाकाठ

आमच्याकडे घोषणा लूपच्या बाहेरच आहे. डेटाबेसची तपासणी आत्ता लावतो, दुरुस्ती त्यानंतर.